रोटरीकडून डीए पॉलिशरकडे जाताना पहिले मशीन कोणते घ्यावे?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे: कोल्हापुरातल्या आपल्या डिटेलिंग सेंटरमध्ये १८० मिमीची दोन रोटरी मशीन आहेत आणि आजवरचे सगळे रबिंग-पॉलिशिंग त्यांच्यावरच, बहुतेक वेळा लोकरीचा पॅड लावून, झाले आहे. सिरॅमिक कोटिंगची, म्हणजे रंगावर चढवायच्या कडक संरक्षक थराची, कामे वाढल्यापासून मात्र काळ्या आणि गडद निळ्या गाड्यांचे ग्राहक काही धुण्यांनंतर परत येतात आणि उन्हात बॉनेटवर सरकत जाणारे होलोग्राम, म्हणजे पॉलिशिंगच्या रेघांमुळे दिसणारे प्रकाशाचे पट्टे, दाखवतात. विक्रेता २१ मिमी थ्रोचे (थ्रो म्हणजे पॅड ज्या छोट्या वर्तुळात घुमतो त्याचा व्यास) मशीन सुचवतो, ओळखीचे लोक बॅटरीवरच्या मशीनचा आग्रह धरतात, आणि जुनी रोटरी विकून ते पैसे नव्या खरेदीत घालावेत का, असेही आपण विचारले आहे.

माझा सल्ला आधीच सांगतो. पहिली खरेदी १५ मिमी थ्रोच्या, १२५ मिमी बॅकिंग प्लेटच्या (म्हणजे पॅड जिच्यावर चिकटतो त्या चकतीच्या) ड्युअल ॲक्शन मशीनची, म्हणजे आपण ज्याला डीए म्हणतो त्याची, करावी. दुसरी ७५ मिमी प्लेटच्या छोट्या मशीनची. दोन रोटरींपैकी जी चांगल्या स्थितीत आहे ती ठेवावी. २१ मिमी आणि बॅटरी यांचा विचार त्यानंतर आणि कामाचे स्वरूप पाहून करावा. हा क्रम मी क्लिअर कोटकडे, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराकडे, पाहून ठरवला आहे. गाडीला तो कारखान्यात एकदाच मिळतो, आणि दुकानात येणारे मशीन त्यातला किती खाते व मागे काय ठेवून जाते, यावरूनच त्याची निवड व्हायला हवी असे मला मनापासून वाटते.

होलोग्राम कशामुळे येतात हे समजले की मशीनची निवड बरीचशी आपोआप होते. रोटरीत पॅड एकाच आसाभोवती फिरतो. १८० मिमीचा पॅड मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरत असेल तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे १४ मीटर असतो, तर मध्यबिंदूचा जवळजवळ शून्य. म्हणजे सगळे घासकाम कडेजवळच्या पट्ट्यातच होते, उष्णताही तिथेच साठते, आणि कंपाउंडचा, म्हणजे कापणाऱ्या जाड पॉलिशचा, प्रत्येक कण व लोकरीचा प्रत्येक धागा एकाच दिशेच्या कमानी कोरत जातो. या कमानी एकमेकींना समांतर असल्यामुळे त्यांच्यावरून परतणारा प्रकाश एकत्र येऊन पट्ट्यासारखा दिसतो आणि आपण चालू लागलो की तो पट्टाही सरकतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली हे दिसत नाही, कारण तिचा प्रकाश पसरट असतो. शिवाय कंपाउंडमधले तेल त्या बारीक रेघांत बसलेले असते. ते पूर्ण न पुसता वर कोटिंग चढवले, तर कोटिंगची पकड कच्ची राहते आणि पुढच्या धुण्यांमध्ये तेल निघून जाऊन रेघा उघड्या पडतात. तेल नीट पुसले पण रेघा तशाच राहिल्या, तर त्या कोटिंगखाली कायमच्या बंद होतात. दोन्ही प्रकारांत ग्राहक आपल्याच दारात येतो.

डीएमध्ये पॅड मधल्या आसापासून थोडा बाजूला बसवलेला असतो, त्यामुळे तो एका छोट्या वर्तुळात घुमतो आणि त्याच वेळी बेअरिंगवर मोकळेपणाने स्वतःभोवतीही फिरतो. थ्रो म्हणजे त्या घुमण्याच्या वर्तुळाचा व्यास. १५ मिमी थ्रोचे मशीन मिनिटाला ५००० वेळा घुमत असेल तर त्या गतीतून पॅडच्या प्रत्येक भागाला सेकंदाला सुमारे ४ मीटर वेग मिळतो, आणि तो मध्यभागी व कडेला जवळपास सारखाच असतो. रोटरीच्या कडेच्या १४ मीटरशी हा आकडा ताडून पाहिला की डीएवर पत्रा कमी का तापतो आणि कडेवरचा रंग उडण्याचा धोका का घटतो, हे सहज लक्षात येते. कण सतत दिशा बदलत असल्यामुळे समांतर रेघाही पडत नाहीत. मऊ क्लिअरवर मायक्रोफायबर पॅड वापरल्यास धुरकट झाक मात्र डीएवरही येते. ती मऊ फोम पॅड आणि बारीक फिनिशिंग पॉलिशच्या दुसऱ्या फेरीने काढावीच लागते, आणि काळ्या गाडीच्या दरात ही दुसरी फेरी आधीच धरलेली असावी.

आता थ्रोबद्दल. सुरुवातीच्या डीए मशीनचा थ्रो साधारण ८ मिमी असे आणि त्यांना कापायला फार वेळ लागे, म्हणून व्यावसायिकांनी अनेक वर्षे रोटरी सोडली नाही. २०१० नंतरच्या काही वर्षांत इटलीच्या रुपेस कंपनीने बिगफूट मालिकेत १५ आणि २१ मिमी थ्रोची मशीन आणली आणि मोठ्या थ्रोने तेवढ्याच वेळात कितीतरी जास्त काम होऊ शकते हे दाखवून दिले. त्यानंतर जवळपास प्रत्येक उत्पादकाने ही मापे उचलली. २१ मिमीच्या मशीनवर सहसा १५० मिमीची प्लेट आणि त्याहून मोठा पॅड बसतो. फॉर्च्युनर किंवा स्कॉर्पिओचे छत व बॉनेट अशा सपाट, प्रशस्त भागांवर ते अतिशय सुंदर चालते. परंतु आपल्याकडे येणाऱ्या गाड्यांत हॅचबॅकच जास्त असणार, आणि स्विफ्ट, बलेनो, आय-ट्वेंटी यांच्या दारांवरच्या उठावदार रेषा, बंपरचे खोलगट भाग आणि मागच्या काचेलगतचे अरुंद पट्टे यांवर तो मोठा पॅड पूर्ण टेकत नाही, एका कडेवर भार येतो आणि फिरणे थांबते. १५ मिमीचे मशीन अशा गाडीचा बहुतांश भाग एकट्याने सांभाळते. एकच मशीन घ्यायचे असेल तर ते हेच असावे, असे मी निःशंकपणे म्हणतो.

पॅडचे फिरणे थांबणे हा मोकळ्या डीएचा मूळ स्वभाव आहे आणि रोटरीवर हात बसलेल्या कारागिराला तो सर्वांत जास्त त्रास देतो. मशीनचा आवाज चालू असतो, हातात थरथर जाणवते, पण पॅड नुसता जागच्या जागी घुमत राहतो आणि कापणे जवळपास बंद पडते. यासाठी बॅकिंग प्लेटच्या कडेवर जाड मार्करने एक काळी खूण करावी. खूण धूसर होऊन फिरताना दिसत असेल तर पॅड फिरतो आहे, आणि ती एका जागी स्थिर दिसू लागली की दाब कमी करायचा किंवा मशीन सपाट धरायचे. रोटरीवाल्याला मशीन किंचित तिरके धरून कडेने काम करण्याची सवय असते. डीएवर नेमकी तीच सवय मोडावी लागते.

दाब किती द्यायचा, हे तोंडी सांगून कोणालाही समजत नाही. घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवावा, त्यावर जुन्या बॉनेटचा एक तुकडा ठेवून काटा शून्यावर आणावा आणि कारागिराला बंद मशीन त्यावर टेकवून दाबायला सांगावे. मशीनच्या स्वतःच्या दोन-अडीच किलोंसह काटा चार-पाच किलो दाखवत असेल तर कापण्याच्या फेरीसाठी तेवढा दाब पुरतो. फिनिशिंगला मशीनच्या वजनाहून थोडाच अधिक लागतो. रोटरीवर वाढलेले हात पहिल्या प्रयत्नात याच्या दुपटीने दाबतात, असा माझा अनुभव आहे. मशीन पुढे सरकवण्याचा वेगही तसाच मोजून दाखवावा, सेकंदाला साधारण दोन-तीन सेंटिमीटर. मशीन गाडीवर नाचवत नेले की पॉलिश वाया जाते आणि रेघा जागच्या जागी राहतात.

ज्यांना हे थांबणे अजिबात चालत नाही त्यांच्यासाठी गिअरने फिरवली जाणारी, म्हणजे सक्तीने फिरणारी डीए मशीन आहेत. जर्मनीच्या फ्लेक्सचे ८ मिमी थ्रोचे एक्ससी ३४०१ हे त्यांपैकी जुने आणि नावाजलेले, रुपेसचे मिले हे अलीकडचे. मकिताच्या काही मशीनवर कळ फिरवून मोकळे आणि सक्तीचे असे दोन्ही प्रकार निवडता येतात. ही मशीन वळणावरही फिरत राहतात आणि कठीण क्लिअरवर त्यांचे कापणे रोटरीच्या बरेच जवळ जाते. त्यांच्यावर थरथर जास्त जाणवते, कडेवर ती दयामाया दाखवत नाहीत, आणि पत्राही मोकळ्या डीएपेक्षा अधिक तापतो. आपल्याकडे कठीण क्लिअरच्या जर्मन बनावटीच्या गाड्यांचे काम वाढले तर तिसरे मशीन म्हणून यांचा जरूर विचार करावा. पहिले मशीन म्हणून मी ते सुचवणार नाही, कारण आपल्या माणसांना आधी मोकळा डीए समजायला हवा.

मशीन बदलले आणि पॅड-कंपाउंड जुनेच ठेवले, तर पैसे फुकट गेले असे समजावे. रोटरीसाठीचा जाड, उंच लोकरी पॅड मोठ्या थ्रोवर लावला की थ्रोची बरीच हालचाल पॅडच्या जाडीतच जिरते आणि रंगापर्यंत थोडीच पोहोचते. डीएसाठी पातळ आणि घट्ट पॅड हवेत: कापण्यासाठी मायक्रोफायबर किंवा आखूड धाग्याची लोकर, मधल्या फेरीला मध्यम फोम, शेवटी मऊ फोम. मोठ्या थ्रोमध्ये उष्णता पत्र्यापेक्षा पॅडच्या आत, त्याला प्लेटवर चिकटवणाऱ्या वेल्क्रोजवळ, साठते. एकाच पॅडवर पूर्ण गाडी ओढली तर फोम मधोमध वितळून वेल्क्रोपासून सुटतो, आणि मग कारागीर पॅडच्या कंपनीला दोष देतो. एका गाडीला प्रत्येक फेरीसाठी निदान चार पॅड आलटून पालटून वापरावेत, आणि प्रत्येक भागानंतर पॅड कॉम्प्रेसरच्या हवेने किंवा ब्रशने साफ करावा. रोटरीवर पाणी शिंपडून काम करण्याची आपल्या गॅरेजांमधली जुनी पद्धत इथे सोडून द्यावी. ओला, साचलेला मायक्रोफायबर पॅड कापतही नाही आणि फिनिशही देत नाही.

याच्याही आधी दोन वस्तू घ्याव्यात, ज्यांचा आपल्या प्रश्नात उल्लेख नाही: रंगाची जाडी मोजणारे गेज आणि एक चांगला तपासणी-दिवा. कारखान्यातून आलेल्या गाडीवर रंगाची एकूण जाडी साधारणतः ८० ते १३० मायक्रॉन भरते, त्यात क्लिअरचा वाटा सुमारे ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. क्लिअरमधले अतिनील किरणांपासून रक्षण करणारे घटक शाबूत ठेवायचे तर गाडीच्या संपूर्ण आयुष्यात त्यातले आठ-दहा मायक्रॉनच काढणे योग्य, असे आमच्या कामात मानले जाते. लोकरी पॅड आणि जाड कंपाउंडची रोटरीवरची एक जोरकस फेरी यातला मोठा हिस्सा एका दुपारीच संपवू शकते. गेज २०० च्या वर गेले तर तो भाग पुन्हा रंगवलेला आहे असे धरावे, आणि ५०० च्या वर गेले तर खाली पुटी आहे. लक्षात ठेवावे की साधे चुंबकीय गेज ॲल्युमिनिअमच्या बॉनेटवर वाचन देत नाही, त्यासाठी दोन्ही धातू ओळखणारे गेज लागते; आणि प्लास्टिकच्या बंपरवर दोन्ही निरुपयोगी असल्यामुळे तिथे हलक्या पॅडनेच काम करावे. प्लास्टिक उष्णता पसरू देत नाही, म्हणून रोटरीने सर्वांत जास्त जळालेले रंग बंपरवरच सापडतात.

नवे मशीन आल्यावर थेट ग्राहकाची गाडी घेऊ नये. बॉनेटचा सुमारे ४५ सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन आखावा, मधोमध मास्किंग टेप लावावा, एका बाजूला रोटरीने नेहमीचे काम करावे, दुसऱ्या बाजूला नव्या मशीनने तेवढाच वेळ द्यावा. मग दोन्ही बाजू पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा पॅनेल वाइपने, म्हणजे तेल काढणाऱ्या द्रवाने, पुसून, टेप काढून, एकाच बिंदूतून येणाऱ्या दिव्याखाली आणि नंतर उन्हात पाहाव्या. बहुधा दिसेल ते असे: रोटरीच्या बाजूला खोल ओरखडे जास्त गेलेले असतील पण पृष्ठभागावर कमानी असतील; डीएच्या बाजूला एखाद-दुसरा खोल ओरखडा उरेल पण काळा रंग खोल आणि स्वच्छ दिसेल. तो उरलेला ओरखडा काढायचा की क्लिअर वाचवायचा, हा निर्णय ग्राहकाला गेजवरचा आकडा दाखवून घ्यावा. बहुतेक ग्राहक क्लिअर वाचवणे पसंत करतात, पण हे त्यांना कोणीतरी समजावून सांगावे लागते.

रोटरी का ठेवायची, याचे कारण इथेच आहे. नव्याने रंगवलेल्या भागावर धूळ बसली आणि २००० नंबरच्या पेपरने घासून ती काढली, तर त्या पेपरच्या खुणा रोटरी जितक्या झटपट काढते तितक्या मोकळा डीए काढत नाही. फार कठीण क्लिअरवरही तेच. अशा वेळी पहिली कापण्याची फेरी रोटरीने, वेग कमी ठेवून, करावी आणि पुढची फेरी डीएने करून कमानी मिटवाव्यात. रोटरीवर ५० मिमीचा छोटा पॅड एक्स्टेंशनने लावला तर आरशाखालच्या आणि दाराच्या मुठीमागच्या जागांत ती अजूनही उपयोगी पडते. ॲम्बेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांवर क्लिअर नसतोच, पॅडला थेट गाडीचा रंग लागतो. तिथे मात्र रोटरी कपाटातच ठेवून डीए घ्यावा, कारण त्या रंगाखाली लगेच प्रायमर लागतो.

बॅटरीच्या मशीनबद्दल मित्रांचा उत्साह मी समजू शकतो. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीत ९० वॉट-अवर ऊर्जा असते. पूर्ण ५०० वॉट ओढणाऱ्या मशीनला ती अकरा मिनिटेही पुरणार नाही. प्रत्यक्ष कामात भार कमी-जास्त होतो म्हणून वेळ याहून बराच जास्त मिळतो, तरीही एका गाडीच्या दोन फेऱ्यांसाठी चार बॅटऱ्या आणि सतत चालू असलेला चार्जर लागतो. मुंबई-पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाऊन काम करणाऱ्यांकडे प्लगच नसतो, त्यांना ही मशीन वरदान आहेत. आपले काम एका जागी आहे आणि वीज आहे, त्यामुळे मोठे मशीन वायरचेच असावे. छोटे, खांब आणि बंपरच्या कडांसाठीचे मशीन बॅटरीचे घेण्यात मात्र अर्थ आहे: तिथे वायर गाडीवर घासून नवे ओरखडे पाडते आणि काम थोड्या वेळाचे असते.

आपल्या माणसांच्या हातांचाही विचार या निर्णयात असावा. युरोपीय नियमांत हाताला बसणाऱ्या थरथरीसाठी आठ तासांच्या कामाच्या हिशेबाने २.५ मीटर प्रतिसेकंद वर्ग ही उपाय सुरू करण्याची पातळी आणि ५ ही कमाल मर्यादा आहे. ज्या मशीनच्या पुस्तिकेत ५ हा आकडा लिहिला आहे, त्यावर दोन तास सलग काम झाले की पहिली पातळी गाठली जाते. बोटे बधिर होणे, गारठ्यात पांढरी पडणे ही पुढे होणाऱ्या कायमच्या दुखण्याची लक्षणे आहेत, आणि कारागीर ती सहसा बोलून दाखवत नाहीत. पुस्तिकेतला हा आकडा विक्रेत्याला आवर्जून विचारावा, आणि दोन माणसांनी पाळी-पाळीने मशीन धरावे.

विकत घेताना स्वस्त नकलांपासून सांभाळावे. बाहेरून त्या हुबेहूब दिसतात. फरक असतो तो आतल्या प्रतिभाराच्या, म्हणजे घुमणाऱ्या पॅडचा तोल साधणाऱ्या वजनाच्या, तोलात, बेअरिंगमध्ये आणि भार आल्यावर वेग टिकवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये. दुकानात मशीन पॅड लावून एखाद्या पत्र्यावर सर्वांत कमी वेगावर टेकवावे आणि तळहाताच्या भाराने दाबावे. आवाज खाली बसत असेल तर ते मशीन कामात दम सोडेल. मोकळ्या हवेत जोरात चालणारे मशीन यावरून काहीच सिद्ध होत नाही. प्रत्येक डीएचा प्रतिभार त्याच्या मूळ प्लेटच्या वजनाशी जुळवलेला असतो, म्हणून मनाला येईल ती प्लेट लावू नये. १५० मिमीची जड प्लेट १२५ साठीच्या मशीनवर लावली की थरथर वाढते आणि बेअरिंग लवकर जाते. रोटरीची प्लेट बहुधा एम-१४ आट्यांची असते, ती डीएवर बसणारही नाही, तेव्हा प्लेट, कार्बन ब्रश आणि बेअरिंग हे तिन्ही भाग त्या विक्रेत्याकडे आज शिल्लक आहेत का, हे मशीनचे बिल करण्यापूर्वी पाहावे. बॉश आणि मकिताची सेवा केंद्रे आपल्याकडे बऱ्याच शहरांत आहेत. इतर परदेशी मशीनसाठी वितरकाकडूनच दुरुस्ती होणार असेल तर मशीन किती दिवस हातचे जाईल, हे लेखी घ्यावे.

अमेरिकेतले नातेवाईक येताना मशीन आणतील, असेही आपण शेवटी लिहिले आहे. तिथली मशीन १२० व्होल्टची असतात, आपल्या २३० व्होल्टवर ती थेट लावली तर मोटर जळते. योग्य वॉटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून ती चालतात, पण तो अवजड असतो, आणि अशा मशीनची वॉरंटी इथला वितरक सहसा स्वीकारत नाही. त्यांच्याकडून पॅड आणि चांगले मायक्रोफायबर टॉवेल मागवावेत, आणि मशीन इथेच, इथल्या बिलावर घ्यावे.